कणकेतली सुई

बाधा उतरवणाऱ्या तोश्बिबीच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. मर्गिलानच्या अर्ध्या बायका तिथे लोटल्या होत्या. मध्ये चटईवर मुअत्तर पालथी पडलेली. रोट्या लावायला तंदुरात वाकून वाकून तिचा जन्म गेला होता, आणि दोन वर्षांपासून कंबर दिवसरात्र ठणकत होती. तोश्बिबीने तिच्या पाठीवरून तिनेच घरून आणलेल्या कणकेचा गोळा फिरवला, डोळे गरागरा वळवले, मोठी ढेकर दिली. ढेकर म्हणजे बाधा निघाल्याची पावती. मग गोळा फोडला. आत काळे केस आणि गंजकी सुई.

"तोबा, तोबा," बायका पुटपुटल्या.

"करणी करणारी घरातलीच आहे," तोश्बिबी म्हणाली. "सुईदोऱ्याचं काम करणारी. नाव मी कशाला घेऊ?"

नाव घ्यायची गरजच नव्हती. मुअत्तरची सून शहलो टोप्यांवर भरतकाम करायची. सगळ्या नजरा तिच्याकडे वळल्या. त्याच संध्याकाळी ती मुलीला घेऊन माहेरी गेली, आणि सासूने तिला थांबवलं नाही.

आठवडाभर कंबर हलकी वाटली. मग पुन्हा ठणकू लागली. "सुनेनं दुसरी सुई ठेवलीय," तोश्बिबीचं निदान. घरात नसलेली सून घरात सुया ठेवते, म्हणजे कमालच झाली. मुअत्तर मुकाट डॉक्टर लोबारकडे गेली. लोबारने पूर्वी मानसोपचार सुचवला, तेव्हा "मी काय सोंग करते?" म्हणून मुअत्तर तिच्यावर उखडली होती.

"सोंग कोण म्हणतं, मावशी?" लोबार म्हणाली. "दुखणं खरंच आहे. इजा बरी झाली तरी मेंदू धोक्याची हाक देत राहतो. भीती, काळजी, घरातली धुसफूस त्यात तेल ओततात. श्वास, हालचाल, विचारांची सवय हळूहळू बदलली की त्रास कमी होतो. पुरता गेला नाही, तरी त्याच्यासकट नीट जगता येतं."

"मग तो आठवडा बरं कसं वाटलं?"

"आशेनं. आशेनंही दुखणं उतरतं. बरं, कणीक कुणाची होती?"

मुअत्तरला ती कणीक आठवली. तिने नेलेली कणीक ताजी, दुधालोण्यात मळलेली. फुटलेल्या गोळ्याला मात्र शिळा, आंबूस वास होता. पीठ मळण्यात हयात गेलेल्या बाईला तो कळला नसेल? कळला होता. पण तिला सुई हवी होती. सुई निघाली की दुखणं खरं ठरत होतं.

ती शहलोच्या माहेरी गेली आणि दारातच सगळं सांगून मोकळी झाली. मुलीची वेणी घालताना शहलोचा हात थांबला नाही.

"आई, त्या दिवशी अंगणभर बायका होत्या. इथे आपण दोघी आणि ही पोर."

दुसऱ्या दिवशी तोश्बिबीच्या चटईवर कुणी दुसरीच होती, भोवती तशाच अंगणभर बायका. मुअत्तरने पुढे होऊन तोश्बिबीच्या मांडीवरचा रुमाल उचलला. खाली तयार गोळा. तिने तो फोडला. केस, सुई.

"आपला गोळा रुमालाखाली जातो, हा वर येतो," ती म्हणाली. "मला त्याच दिवशी वास आला होता. मी गप्प राहिले. सुनेवर आळ येऊ दिला. दुखणं खरं असायला सुई लागत नाही, बायांनो. डॉक्टरला विचारा. आणि कुणाच्या लेकीकडे बोट दाखवण्याआधी गोळा फोडणाऱ्या हातांकडे बघा."

तोश्बिबी शिव्याशाप देत होती. मुअत्तरची मान खालीच होती. तिला लाज वाटत होती ती स्वतःचीच.