व्हेनिस न पाहिलेली पुतळी

आमच्या माळेतील इतर सर्व पुतळ्यांवर एक माणूस उजवीकडे गुडघे टेकून बसला आहे. माझ्यावर तो डावीकडे बसला आहे.

मित्रांनो, मी शालूबाईंच्या माळेतील एक जुनी सोन्याची पुतळी, म्हणजे नाण्यासारखी चित्र उठवलेली चकती. औंधजवळच्या त्यांच्या घरी या चित्राला रामापुढे बसलेला मारुती समजतात. माणसाला शेपूट नाही, ही शंका आजवर कोणी काढलेली नाही. माझ्या शेजारणी मात्र मूळच्या व्हेनिस या युरोपीय नगरराज्याच्या मोहरा. गुडघे टेकलेला तो तिथला राज्यप्रमुख, आणि उभा आहे तो त्यांचा संत.

पिढ्यान्‌पिढ्या एकाच दोऱ्यात राहिल्याने शेजारणींच्या प्रवासाच्या बढाया मला पाठ आहेत. पूर्वी आपल्याकडची मिरी अरबी व्यापारी तांबड्या समुद्रातून इजिप्तला नेत. तिथून ती व्हेनिस उचलत असे आणि साऱ्या युरोपाला विकत असे. मोबदल्यात या मोहरा इकडे येत. पुढे पोर्तुगीज आफ्रिकेला वळसा घालून थेट मिरीच्या किनाऱ्यावर उतरले. व्हेनिसला पहिला धक्का त्यांचा. मागून आलेल्या डचांनी तो व्यापार जवळजवळ पुरता काढून घेतला, आणि डचांना इंग्रजांनी मागे सारले. बंदरे आणि वसाहती ज्यांच्या हाती गेल्या, त्यांचे वजन वाढले. व्हेनिस क्षीण होत गेले आणि अखेर फ्रेंच सैन्याने ते घेतले.

माझा जन्म त्यानंतरचा, आणि साताऱ्यातला. समुद्र मी पाहिलेला नाही. लग्नकार्यांत मिरवले, कौतुक ऐकले, आणि मग बरीच वर्षे डब्यातल्या कापसात पडून राहिले.

यंदा शालूबाईंच्या नातीचे, प्रियदर्शनीचे, लग्न सांगलीत ठरले. माळ तिला द्यायची होती. पण दोरा कुजला होता. म्हणून दोघी साताऱ्याला सोनाराकडे आल्या. सोबत शालूबाईंचे दीर केरबा, निवृत्त सुभेदार. आम्हाला तबकात मांडताच त्यांची नजर माझ्यावर थांबली.

"आवं वैनी, ही डुप्लिकेट हाय. सगळी पलटण उजवीकडं, ह्यो एकच गडी डावीकडं!"

"मग काय करू म्हणता, भावजी?"

"रांगंतनं भायेर काढा. आटवा आन् जावयाला अंगठी करा."

"जावयाचं बोट न्हाई बघितलं तुमी. समदी माळ लागंल."

"आजी!" प्रियदर्शनी ओरडली.

सगळे हसले. मी हसले नाही. सोनाराची मूस माझ्यापासून हातभर अंतरावर होती. सोनाराने मला कसोटीच्या दगडावर घासले, शेजारी दुसरी पुतळी घासली. दोन्ही रेघा सारख्याच पिवळ्या उमटल्या.

"सोनं चोख आहे," तो म्हणाला.

"मग त्वांड का फिरलंय?" केरबा हटेनात.

प्रियदर्शनीने सोनाराकडून मऊ केलेली लाख मागून घेतली. त्यात माझ्या एका शेजारणीला दाबून उचलले. लाखेत गुडघे टेकलेला माणूस डावीकडे उमटला होता, अगदी माझ्यावर आहे तसा.

"बघा आजोबा, छाप उलटा उठतो. हिच्या कारागिरानं मोहर समोर ठेवली आणि जशी दिसली तशीच पुतळी ठोकायच्या ठशात कोरली. खरं तर उलटी कोरायला हवी होती."

केरबांनी मला तळहातावर दोनदा फिरवले. "म्हंजी गडी आपलाच हाय, फकस्त ड्रिल चुकलंय. ऱ्हाऊ द्या रांगंत."

"मधोमध ओवा तिला," शालूबाईंनी सोनाराला सांगितले.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू वेगळी दिसली, तर ती तशी का झाली हे आधी तपासा. आटवल्यावर तिला काही विचारता येत नाही. माझ्यापुरते कारण असे: समुद्रमार्ग दुसऱ्यांच्या हाती गेले आणि व्हेनिसची सत्ता गेली, तरी त्याच्या मोहरेवरचा इथल्या बाजाराचा विश्वास टिकून होता. म्हणून साताऱ्याच्या एका सोनाराने तिची नक्कल केली, आणि ठसा सरळ कोरला.