टँकरखालचा लपेटा

आमच्या सोसायटीचा चेअरमन सोपानराव भर मीटिंगमध्ये मला म्हणला, "कौशल्याबाई, रस्त्यावर पाईप टाका खुशाल. पण ज्या दिवशी गाडीखाली फुटेल, त्या दिवशी तुमच्या वांग्यांवर सिमेंटचे ब्लॉक बसतील."

मी म्हणलं, "अन न्हाई फुटला तर?"

"नाही फुटला तर मी त्या जागेचं परत नाव काढणार नाही. येत्या रविवारी बघूच."

साऱ्यांनी ऐकलं. मी तिथंच पदर खोचला.

जागा केवढी, तर भिंतीकडंची चिंचोळी पट्टी. चऱ्होलीतली ही बिल्डिंग आमच्याच वावरात उभी हाय. जमीन गेली, बदल्यात फ्लॅट आले. पण त्या पट्टीत अजून काळी माती हाय. तिथं माझी वांगी हायत, घेवडा हाय, अन एक भोपळ्याचा वेल. गेल्या साली त्याला असा भोपळा धरला की लिफ्टमध्ये मावंना. जिन्यानं न्यावा लागला, अन तिसऱ्या मजल्यावर भोपळ्यालाच दम लागला.

सोपानरावाला तिथं पाहुण्यांच्या गाड्या लावायच्यात. म्हणून आधी त्यानं बागेचा नळ बंद केला. म्हणला, पाणी टँकरचं हाय, माणसांनाच पुरत न्हाई. ते खरं व्हतं, म्हणून मी त्यावर भांडले न्हाई. सांडपाणी शुद्ध करून सोडतात ना, त्या नळाचं पाणी मागितलं. तर तो नळ सोसायटीतल्या रस्त्याच्या पलीकडं. मधनं गाड्या जातात. म्हणून ही पैज.

माझी सून प्राजक्ता हौशी. तिनं मोबाइलवरनं एक पाईप मागवला. "आई, हा आपोआप लांब होतो, आपोआप आखडतो." पाणी सोडलं तर तो असा वळवळला की वॉचमन काठी घेऊन आला. पुढच्या घटकेला फटकन फुटला, गाडीबिडी न जाताच. बाल्कनीतनं सोपानराव हसला. मला ते हसणं फार झोंबलं.

मग मी आळंदी रोडला इब्राहिमच्या दुकानात गेले. त्याचा हार्डवेअरचा धंदा, अन मला मावशी म्हणतो.

"मावशी, हा हिरवा घ्या. सगळे हाच नेतात."

मी तो हातात वाकवला. लगेच मुरड पडली. "इथंच पाणी अडणार रे. अन उन्हात कडक होऊन तडकणार."

"मग जाळीचा घ्या. आतनं दोऱ्याची वीण आहे, टिकतो."

मी तो टाचेखाली घेतला, वर उभी राहिले. मजबूत व्हता. "पण हा गोल राहतो. गाडी आदळंल, माणूस अडखळंल. सोपानरावाला तेवढंच निमित्त."

त्यानं आतनं स्प्रिंग घातलेला काढला. मी म्हणलं, "हा एकदा चेंगरला की परत फुगत न्हाई."

इब्राहिमनं कपाळाला हात लावला. "मावशी, पाईप बघताय का सून?"

"सून बघून झाली. ती दबत न्हाई. मला दबणारा पाहिजे, अन दबून परत उठणारा."

तेव्हा तो मागं गेला अन लपेट्याचं भेंडोळं घेऊन आला. शेतात मोटरीला लावतात तोच. रिकामा असला की पट्ट्यासारखा चपटा, पाणी आलं की फुगतो.

"हा शेतकरी नेतात मावशी. सोसायटीवाले बघत पण नाहीत."

"मग मी कोण हाय?" मी म्हणलं. "अरे, माझ्या सासऱ्यांचा लपेटा इंद्रायणीपासनं पार डोंगरापर्यंत जायचा. सकाळी मोटर लावली की दिवेलागणीला पाणी पोचायचं, अन त्याच्यासंगं मासे. चालून चालून दमलेले."

"खाल्ले का मग?"

"छे! सासूबाई म्हणायच्या, आधी त्यांना जरा पडू द्या."

इब्राहिम हसत हसत तो जाड लपेटा कापायला लागला. "एक ध्यानात ठेवा, खाली खडी राहू देऊ नका. चाकापेक्षा खडाच घात करतो."

रविवारी मी सकाळीच रस्ता झाडून काढला. प्राजक्ता म्हणाली, "आई, लोक बघतायत." म्हणलं, बघू देत. लपेटा सरळ आडवा टाकला, वळणाला ऐसपैस फिरवला अन नळ सोडला. लपेटा भरत भरत गेला.

सोपानरावानं आपली गाडी आणली. पुढं नेली, मागं घेतली, परत पुढं नेली. लपेटा बसला, उठला, परत बसला, परत उठला. तेवढ्यात गेटवर टँकरचा हॉर्न वाजला अन सोपानरावाचे डोळे चमकले.

"येऊ द्या आत!"

भरलेला टँकर आला. पुढची चाकं पार झाली, मागची लपेट्यावर चढली, तसा सोपानराव ओरडला, "थांब! तिथंच थांब!"

वांग्यांकडचं पाणी थांबलं. नळाकडं लपेटा फुगून टणक झाला.

"बघा, पाणी बंद."

"पैज फुटायची व्हती," मी म्हणलं.

"मग फुटेपर्यंत थांबू."

नळावर लपेटा आवळलेली पट्टी थरथरायला लागली. प्राजक्ता नळ बंद करायला धावली. मी ओरडले, "हात लावायचा न्हाई!" अन प्लॅस्टिकची खुर्ची आणून लपेट्याशेजारी बसले.

आता गंमत अशी, की टँकर जिथं रिकामा करतात ती टाकी अजून बरीच पुढं. अन वरती सगळ्यांचे नळ कोरडे. दुसऱ्या मजल्यावरची दिव्या टॉवेल गुंडाळल्या डोक्यानं बाल्कनीत आली. "काका, माझ्या केसांत शाम्पू आहे! टँकर पुढं घ्या!" तिच्यामागं साऱ्या बाल्कन्या बोलायला लागल्या. कोण बादली वाजवतंय, कोण चेअरमन बदलायचं म्हणतंय.

ड्रायव्हर खिडकीतनं म्हणला, "साहेब, मला मोशीची फेरी हाय. तुमचं काय ते लवकर ठरवा."

"थांबू द्या की," मी म्हणलं. "मला कुठं घाई हाय?"

सोपानरावानं वर बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग तोंडातल्या तोंडात म्हणला, "घे पुढं."

चाक सरकलं, लपेट्यानं उसळी घेतली अन पाणी सुसाट वांग्यांत घुसलं. सोपानराव वाकला. चाक बसलं व्हतं तिथं हातानं चाचपून बघितलं, बोटं बघितली. कोरडी.

"ब्लॉक?" मी विचारलं.

"नाही बसणार."

"बाल्कनीत ऐकू गेलं न्हाई."

"नाही बसणार, म्हटलं ना!" तो एवढ्यानं ओरडला की दिव्यानं वरनं टाळ्या वाजवल्या.

बिल्डिंगमधल्या पोरांना मी सांगते, लपेट्यानं उसळी घेतली तेव्हा टँकर दोन हात वर उचलला. प्राजक्ता म्हणते, "आई, टँकर जमिनीवरनंच गेला, मी तिथंच उभी होते." मी म्हणते, उभी व्हतीस गं, पण बघत व्हतीस दिव्याच्या शाम्पूकडं.