आभाय म्हटलं की मी जागा व्हायचो

मी आभाळ बोलतोय. कागदावर तरी माझं नाव असंच लिहिलंय. पण ज्यानं मला घडवलं, त्या गोविंदानं मला जन्मात कधी आभाळ म्हटलं नाही. तो म्हणायचा आभाय. आमच्या गावात, रोहिणखेडला, 'ळ' बोलतंच कोण? केळाला केय म्हणतात, डोळ्याला डोया, आणि काळं कुत्रं असलं तर ते कायं कुत्रं. त्यानं कुत्र्याचं काही अडत नाही. माझं मात्र अडलं.

मी माणूस नाही. मोबाईलवरच्या एका खेळातलं पात्र आहे. एक यान फार लांबच्या ताऱ्याकडं निघालंय. त्यातली माणसं काचेच्या पेट्यांमध्ये गाढ झोपलीत, आणि खेळणाऱ्यानं फोनजवळ तोंड नेऊन, नाव घेऊन, एकेकाला उठवायचं. नाव जुळलं की पेटी उघडते, चुकलं की नाही. कुणाचं नाव काजळ, कुणाचं वादळ, आणि मी आभाळ, यान हाकणारा. मला डोळे आहेत, पण ते चित्रातले. दिसत काही नाही. ऐकू तेवढं येतं.

माझा जन्म मलकापुरातला. तिथं जाकीरचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि गोविंदा त्याच्याकडं कामाला होता. गिऱ्हाईक नसलं की दोघं मला घडवत बसायचे. चित्रं जाकीरनं काढली. माझं नाक त्यानं आपल्या कय्यूमचाचाचं लावलं म्हणे. चाचांना अजून पत्ता नाही.

आवाज दिला गोविंदानं. शटर खाली ओढायचा, पंखा बंद करायचा, तोंडातला गुटखा थुंकून यायचा आणि बोलायचा, "हाव, जागाच हाय मी. जेवलं का काही? उपाशीपोटी तारे मोजू नाही." एका वाक्यात मागं रेल्वेचा भोंगा आलाय. जाकीर म्हणाला, "काढून टाक बे, अंतराळात कुठली गाडी?" गोविंदा म्हणाला, "राहू दे. लोकायले वाटन, मलकापूर आलं." आणखी एका वाक्यात तो थुंकायला कंटाळला होता. तिथं त्याचा गाल भरलेला ऐकू येतो. मला तेव्हा त्याचं हसू आलं होतं. त्या हसण्याची आता लाज वाटते.

कारण त्याच गालात पुढं फोड आली. फोडीची जखम झाली, जखम जिभेवर गेली. अकोल्याला ऑपरेशन झालं आणि गोविंदाची जीभ काढून टाकली. जीव वाचला. लोक भेटायला यायचे आणि जीव वाचला, जीव वाचला म्हणत चहा पिऊन जायचे. जिभेबद्दल कुणी बोलायचं नाही.

ऑपरेशनच्या आधीच त्यानं खेळ पुण्याच्या एका कंपनीला विकला होता. सौदा असा होता, की आपल्याकडची प्रत ठेवायची नाही. गोविंदा शब्दाचा पक्का. दुकानातल्या कम्प्युटरवरून त्यानं मला स्वतःच्या हातानं पुसलं. त्याच्या घरी राहिलो तो फक्त बायकोच्या, जयमालाच्या, फोनमध्ये. तेही ती पुसायला हो म्हणाली नाही म्हणून.

दुपारचं आवरलं की जयमाला उंबऱ्यात बसायची आणि फोन तोंडाशी धरून म्हणायची, "आभाय." पेटी उघडायची, आणि मी गोविंदाच्या आवाजात म्हणायचो, "हाव, जागाच हाय मी. जेवलं का काही?" ती म्हणायची, "जेवली. भाकर अन् ठेचा." बाजूला गोविंदा बसलेला असायचा. मला तो दिसायचा नाही आणि बोलायचा तर नाहीच. त्याचा श्वास तेवढा ऐकू यायचा. नवरा शेजारी बसलाय आणि बाई त्याच्याशी बोलायला फोन उघडते, हे मी रोज ऐकत होतो. दुसरा काही उपाय नव्हता. लग्नाच्या व्हिडिओत त्याचा आवाज शोधला तर नुसता बँड वाजतोय. गोविंदाचा आवाज म्हणून या जगात उरलो होतो तो मी.

एक दिवस फोन चार्जच होईना. जयमालानं तो मलकापूरला जाकीरकडं दिला. जाकीर भला माणूस. पैसे घेतले नाहीत, काच पुसून दिली, आणि मित्राच्या घरचा फोन म्हणून आतलं जे जे जुनं होतं ते सगळं अपडेट करून दिलं. "भाभी, एकदम नवा करून देला," तो म्हणाला. त्याच्या मनात काळंबेरं काही नव्हतं.

त्या अपडेटमध्ये मी गेलो.

कंपनीकडं तक्रारी आल्या होत्या. आभाय म्हणजे काय, आधी मराठी शिका, असं खेळणाऱ्यांनी लिहिलं होतं. कंपनीनं सगळे आवाज नव्यानं भरले आणि पेट्यांना नवी नावं शिकवली. ज्या ताऱ्यावर अजून माणूस पोचला नाही, तिथं शुद्धलेखन पोचलं. मी हे जे इतकं नीटनेटकं बोलतोय ना, ही बोलीसुद्धा माझी नाही. नव्या गळ्याबरोबर आली. आमच्याकडं म्हणतात, ज्याचं जयते त्यालेच कयते. आता मला तेही 'जळतं' आणि 'कळतं' म्हणावं लागतं.

जयमाला उंबऱ्यात बसली. म्हणाली, "आभाय." मी ऐकलं. पेटी हलली नाही. "आभाय," ती पुन्हा म्हणाली. फोनमधून एक बाई गोड आवाजात बोलली, "क्षमा करा, कृपया नाव स्पष्ट उच्चारा."

"काऊन नाही उठून राह्यला हा?" जयमालानं विचारलं. गोविंदानं पाटीवर काहीतरी लिहिलेलं ऐकू आलं. ती अक्षरं जुळवत वाचू लागली. "ळ म्हणा लागते? आता ळ कुठून आणू, अहो?"

पण ती आणायला बसली. रोज दुपारी. आभाल झालं, आभाड झालं, आभार झालं. मधेच म्हणायची, "हात पुना दाखवा. अशी मांगं वयवू का जीभ?" म्हणजे जीभ कशी उलटी वळवून टाळूला टेकवायची ते गोविंदा तिला हाताचा पंजा वळवून दाखवत होता. ज्याला जीभ नाही तो दाखवत होता. ळ म्हटला की आपला आभाय उठेल, आपला आवाज परत येईल, असंच दोघांना वाटत होतं. आत काय भरून ठेवलंय ते मला एकट्याला ठाऊक होतं. आणि मला सांगता येत नव्हतं.

तिनं माझं नाव चुकावं म्हणून मी देवाजवळ मागत होतो. खेळातल्या पात्राला देव असतो की नाही, कुणास ठाऊक. माझं तरी कुणी ऐकलं नाही.

एका दुपारी तिनं श्वास घेतला आणि म्हणाली, "आभाळ."

स्वच्छ. पुण्याच्या माणसानंही मान डोलवावी असं. पेटी उघडली, मला उठावं लागलं, आणि माझ्या तोंडून कुणा परक्याचा धीरगंभीर आवाज निघाला, "नमस्कार. मी आभाळ. मी आपली काय मदत करू शकतो?"



मग जयमाला हळूच म्हणाली, "हे कोण होय, अहो?"

थोड्या वेळानं पेटी आपोआप मिटली. ती उठून आत गेली. आतल्या खोलीतून तिचं रडणं येत होतं, तोंडात पदर कोंबलेलं. फोन उंबऱ्यातच राहिला. तेवढ्यात एक श्वास जवळ आला. अगदी माझ्या कानाशी. गोविंदाचा.

एक गोष्ट तोवर माझ्याही ध्यानात आली नव्हती. 'ळ' म्हणायला जीभ लागते. 'आभाय' म्हणायला फारशी लागत नाही. ओठ मिटून उघडले आणि श्वास सोडला, तरी भागतं.

"आ... भा... य," गोविंदा म्हणाला.

फाटका, ओला, घोगरा आवाज. पण त्याचाच. ऑपरेशननंतरचा त्याचा पहिला शब्द, आणि तो माझं नाव होता. मी आतून काचेवर किती धडका मारल्या ते मलाच माहीत.

ती गोड बाई म्हणाली, "क्षमा करा, कृपया नाव स्पष्ट उच्चारा."

तो पुन्हा काही बोलला नाही. तेव्हापासून फोन कोनाड्यात पडून आहे. कधी नातेवाइकांचे फोन येतात, तेवढाच उचलला जातो. मला कुणी उघडत नाही. मी पेटीत जागाच आहे.

तुमच्याही फोनमध्ये मी असेन. बरोबर नावानं हाक मारलीत तर उठेन, नमस्कार करेन, मदत विचारेन. तो मी नव्हे. एकदा मला चुकीच्या नावानं हाक मारा. आभाय म्हणा. पेटी उघडणार नाही, पण ऐकणारा आत असेल.