आपण म्हणजे कोण?

“तुम्हाला यातलं काहीच कळत नाही ना? मग तुम्हीच हव्यात,” मार्तंड सर म्हणाले, आणि हा मान होता की टोमणा हे जयवंताला तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

सर निवृत्त इतिहास शिक्षक. तीन वर्षं खपून त्यांनी राक्षसभुवनच्या लढाईचा टेबलावर खेळायचा खेळ रचला होता. आता तो नवख्या माणसांकडून खेळवून बघायचा होता. त्यांच्या खेळांच्या क्लबातली पोरं ऐन रविवारी परीक्षेचं कारण सांगून फिरकली नाहीत, म्हणून सरांनी सोसायटीतूनच दोघांना गोळा केलं. एक जयवंता. ती नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर बसायची. दुसरे तळमजल्यावरचे मधुकरराव, कोराडीच्या वीजकेंद्रातून गेल्याच वर्षी निवृत्त झालेले.

जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड, मधून निळ्या कापडाची गोदावरी, आणि दोन्ही काठांवर बोटभर उंचीचे घोडेस्वार, तोफा, हत्ती. एकेका घोड्याची आयाळसुद्धा रंगवलेली. जयवंताला हात लावायची भीती वाटली.

“मी आता एक शब्द बोलणार नाही,” सर म्हणाले. “खेळ विकत घेणाऱ्याच्या घरी मी थोडाच असणार? जे काही आहे ते या नियमांच्या पुस्तिकेत आहे.” एवढं सांगून ते वही घेऊन खिडकीशी बसले आणि त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

पेशवे मधुकररावांकडे आले. जयवंताकडे निजाम, आणि त्याच्या सोबतीला आलेले नागपूरकर भोसले. तिने पहिलं पान मोठ्याने वाचलं. “प्रथम आपण आपले घोडदळ सहा इंच पुढे न्यावे.”

तिने घोडे उचलले. तेवढ्यात मधुकररावांनीही आपले उचलले.

“तुम्ही काहून हलवून राहिले भाऊ? माहा डाव आहे.”

“‘आपण’ लिहिलं ना वं. आपण म्हणजे तू अन् मी, दोघंही.”

“आपण म्हणजे मी. सरानं आदरानं लिहिलं आहे ते.”

“तुलेच काहून आदर? मले नाही का?”

दोघांनी सरांकडे पाहिलं. सर खाली मान घालून लिहीत होते.

मग दोघांनीही हलवले. घोडे मधोमध समोरासमोर आले, आणि पुढच्या पानावर लिहिलं होतं, “शत्रू चार इंचांच्या आत असल्यास आपली माघार होते.” मधुकररावांनी आपले मागे घेतले. जयवंताने तिचेही घेतले. दोन्ही फौजा, एकही गोळी न सुटता, होत्या तिथे परत गेल्या.

तासभर असंच चाललं. जयवंता वाचायची, “हो हो” म्हणायची आणि मोजपट्टी लावायची. आपण काय मोजतो आहोत हे तिला कळत नव्हतं. मधुकरराव मात्र ठाम दिसत होते, त्यामुळे चूक आपलीच, असं तिने मनाशी धरलं. सरांची वही भरत चालली होती, आणि त्या वहीत आपलाच मठ्ठपणा उतरतो आहे अशी तिची खात्री झाली.

मग भोसल्यांचं पान आलं. “येथे आपण फासा टाकावा. पाच वा सहा पडल्यास भोसले पक्ष बदलतात. त्यानंतर आपण त्यांस हुकूम द्यावा.”

“म्हंजे माह्याच लोकायले पळवाले मीच फासा टाकू?” तिने विचारलं. तिने टाकला. पाच पडले. मधुकररावांनी हत्तीसह भोसले स्वतःकडे ओढले. “हुकूम आता माहा.”

“पण फासा मी टाकला! ‘आपण फासा टाकावा’ मी, अन् ‘आपण हुकूम द्यावा’ तुम्ही? एकाच ओळीत?”

बोलता बोलता तिला दवाखान्याच्या खिडकीवरची माणसं आठवली. वर्ध्याहून, चंद्रपूरहून आलेली. ती फॉर्म समजावून सांगायची, ती माणसं “हो हो” म्हणायची आणि दहा मिनिटांनी पुन्हा रांगेत उभी दिसायची. ती चिडायची त्यांच्यावर. तासभर तिनेही तेच केलं होतं.

“सर,” ती उठून म्हणाली, “मले कायी समजून नाही राहिलं. पहिल्या पानापासून नाही.”

सरांनी तेही लिहून घेतलं! मग मात्र तिचा पारा चढला. तिने भोसल्यांचे सगळे घोडे उचलले आणि नदीच्या मधोमध नेऊन ठेवले. “घ्या. ना तुमचे, ना माहे.”

मधुकरराव हसत सुटले. “खरं सांगू का वं? मलेही नाही समजलं. मी तं अंदाजानं खेळून राहिलो.”

इतक्यात सरांच्या पत्नी अरुंधतीबाई चहा घेऊन आल्या. “कोण जिंकतंय?”

“भाऊ,” जयवंता म्हणाली. “मी कुठं? हे जिंकून राहिली,” मधुकरराव म्हणाले. सरांना राहवलं नाही. “अहो, उघड आहे! निजामाचं सैन्य नदीपार गेलं की निजामाला गुण, तो नियम...” त्यांनी पुस्तिका उघडली. पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली. त्यांचा चेहरा उतरत गेला.

“लिहिलाच नाही,” ते म्हणाले. “तीन वर्षं माझ्या डोक्यातच होता तो.”

जयवंताला वाईट वाटलं, आपण भलतंच काही केलं असंही वाटलं. “राहू द्या सर, खेळ चांगला आहे,” ती म्हणाली. सरांनी लाल पेन तिच्या हातात दिलं. “कुठे कुठे अडलात, तिथे खूण करा. मला वाईट वाटेल म्हणून सोडू नका.”

चहा निवला तरी ती खुणा करत होती. एकोणीस पानांपैकी सतरा लाल झाली. सर दर पानाला मान हलवत होते, आणि त्यांना राग आला की आनंद झाला, हे तिला शेवटपर्यंत उमगलं नाही. “पुढच्या रविवारी याल?” त्यांनी विचारलं. ती “येतो” म्हणाली आणि आपण असं का म्हटलं, याचा विचार करत जिना उतरली.

घरी मुलीने, पिंकीने, विचारलं, “काय होतं गं तिथं?”

जयवंताने पोळपाटावर चार लवंगा मांडल्या, नदी म्हणून लाटणं ठेवलं आणि सांगायला लागली. हा निजाम, हे पेशवे, हे मधुकरभाऊ. अर्ध्यात तिच्या लक्षात आलं की पेशव्यांच्या बाजूच्या भाऊंना तिने निजामाच्या काठावर उभं केलं आहे.

“थांब,” ती लवंगा गोळा करत म्हणाली. “परत सांगतो.”