मुलगा लांब असतो

मनुष्याच्या अंगी महत्त्वाकांक्षा असावी असे सर्व थोर लोक सांगतात. तथापि ती अंगी आल्यावर घरच्या माणसांकडे कोणत्या डोळ्यांनी पाहावे, हे कोणी सांगून ठेवलेले दिसत नाही. ज्या तरुणाची ही हकिगत आहे तो एका गादीवाल्याचा धाकटा मुलगा होता. त्यांचे दुकान म्हणजे रस्त्याच्या टोकाची एक लांबट खोली. पुढच्या भागात कापूस पिंजायचा, मागच्या भागात स्वयंपाक करायचा व झोपायचे. मध्ये एक पडदा होता खरा, परंतु कापसाचे तंतू त्या पडद्याला मुळीच जुमानीत नसत. केसांत, अन्नात, पाण्याच्या भांड्यात ते सारख्याच ममतेने नांदत. आई लवकर निवर्तली होती. थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, गाद्यांच्या खोळी शिवून त्याला वाढविले व शाळा शिकविली. लहानपणापासून तो पुस्तकातल्यासारखे बोलत असल्यामुळे तिने त्याचे नाव ‘बॅरिस्टर’ ठेविले होते.

“बॅरिस्टर, कोर्ट उठलं असेल तर जरा दाभण शोधून द्या,” ती म्हणे, आणि तो पुस्तकावर बोट ठेवून दुसऱ्या हाताने दाभण शोधीत असे.

पुढे तो एका वकीलसाहेबांच्या कचेरीत कारकून झाला. त्याचे अक्षर सुरेख, बोलणे मर्यादशील व कायद्याच्या वाचनाची आवड पराकाष्ठेची, हे पाहून वकीलसाहेबांनी त्याला स्वतःच्या घरी माडीवरची खोली देऊ केली. तेथे राहावे, घरच्या टेबलावर जेवावे, परीक्षा द्यावी आणि पुढे त्यांच्याच हाताखाली वकिली करावी, असा बेत होता. मात्र घरचा कारभार वकीलसाहेबांच्या थोरल्या विधवा भगिनीच्या हाती असे. तिला सारे आक्का म्हणत. आक्कांनी त्याला बसवून घेतले आणि आपादमस्तक न्याहाळले.

“घरी काय असतं तुमच्या?”

“कापसाचं,” तो म्हणाला.

“व्यापार?”

“हो.”

“मग ठीक. मी घराणं बघूनच माणूस माडीवर चढवते. मागे एक होता, काय गोड बोलायचा! मग कळलं, त्याचा सख्खा काका आमच्याच फाटकाशी भंगार घ्यायला यायचा. मी त्याच दिवशी खोली झाडून घेतली.”

कापूस होता हे सत्य होते, आणि तो खोळीत भरून विकला जात असे हेही सत्यच होते. परंतु त्या एका ‘हो’वर आता खोली, जेवण, परीक्षा आणि सबंध आयुष्य टांगले गेले आहे, ही जाणीव त्याला जिना उतरतानाच झाली.

घरी ही वार्ता ऐकून बाबांना आनंद झाला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो त्यांच्या धंद्याला साजेसाच होता.

“पलंग आहे का तिथं?”

“आहे.”

“आणि गादी?”

“असेल कशीतरी.”

“असेल कशीतरी!” बाबांनी पिंजण खाली ठेवली. “माझा मुलगा दुसऱ्याच्या हातच्या गादीवर झोपणार?”

“झोपू द्या हो बाबा,” ताई म्हणाली. “बॅरिस्टरांना आता आपला कापूस टोचायला लागलाय.”

तो चिडला, परंतु नको म्हणण्याचा धीर त्याला झाला नाही. गादी फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे ठेवा, वर येण्याची तसदी घेऊ नका, असे मात्र त्याने दोनदा बजाविले. बाबा मान हलवीत राहिले. त्यांची एक रीत होती. नवी गादी पलंगावर त्यांनी स्वतः घातल्याखेरीज व तिच्यावर एकवार गुडघे टेकून गाठ कोठे राहिली आहे काय हे पाहिल्याखेरीज ते ती पोचती झाली असे मानीत नसत. ही रीत त्यांनी कोणत्याही गिऱ्हाइकाबाबत मोडली नव्हती. मग पोटच्या पोराबाबत कशी मोडावी?

म्हणून रविवारी सकाळी ते डोक्यावर गादी घेऊन सरळ माडीवर आले. मागोमाग आक्काही धापा टाकीत आल्या.

“कोण हा माणूस? न विचारता वर काय आला!”

तरुणाने वडिलांकडे पाहिले. त्यांच्या भुवयांना कापूस लागलेला होता, व मुखावर तो हसरा उतावीळपणा होता जो फक्त स्वतःच्या माणसांपाशी दाखविता येतो.

“गादीवाले आहेत,” तो म्हणाला.

यात खोटा शब्द एकही नव्हता. बाबांनी आपले हसू घडी घालून ठेवावे तसे हळूच मिटविले, आणि ते म्हणाले, “होय बाई, गादीवाला. साहेबांची गादी आणली.” त्यांनी गादी पलंगावर अंथरली, गुडघे टेकून चारी बाजू दाबून पाहिल्या, आणि खाली उतरून ते भिंतीशी उभे राहिले.

आक्कांनीही तळवा दाबून पाहिला. पुन्हा दाबला. “अगंबाई, किती सारखी! आईच्या गादीत नुसते धोंडे झालेत. ती बिचारी दिवसभर कण्हते. तुम्ही इथं अंगणात बसून भरून द्याल का? आणि बैठकीच्या गाद्यासुद्धा.”

बाबांनी तरुणाकडे पाहिले नाही. “देईन की,” ते म्हणाले.

अशा रीतीने ज्या घरात आपला बाप कधीही दिसू नये असे त्याला वाटत होते, त्याच घराच्या मागील अंगणात बाप रोज सकाळी येऊ लागला. माडीवरच्या खिडकीखालीच त्यांची बैठक होती. पिंजणीच्या तारेचा तो घुमणारा ध्वनी ऐकत तो लहानाचा मोठा झाला होता. वडिलांचा खांदा केव्हा दुखू लागला, ते केव्हा पाणी पिण्यास थांबले, केव्हा त्यांना ठसका लागला, हे सर्व त्याला न पाहता समजे. पुस्तकाचे पान तो उलटवी, आणि काय वाचले हे त्याला सांगता येत नसे. येता-जाता भेट झाली तर बाबा उठून उभे राहत व “नमस्कार साहेब” म्हणत. आजूबाजूला कोणी नसले तरीही म्हणत. तो हळू आवाजात “बाबा, जेवलात का?” असे विचारी, त्यावर ते कापसाकडे पाहूनच मान हलवीत. ताई मात्र एकदाही आली नाही. “मी आले की तोंड उघडणार,” असा तिचा निरोप बाबांनी कापूस वेचता वेचता त्याला पोचविला होता.

एके रात्री जेवताना वकीलसाहेब म्हणाले, “त्या गादीवाल्याच्या टणटणाटानं तुमचा अभ्यास बुडत असेल. त्याला सांगू का, गाद्या घरी नेऊन भर म्हणून?”

“नको, नको,” तो घाईने म्हणाला. “मला सवय आहे.”

“सवय?”

“म्हणजे... कापसाच्या घरातला ना मी.”

सर्व जण हसले. तोही हसला. त्या मोठ्या टेबलाभोवती इतकी माणसे बसलेली असताना मनुष्य इतका एकटा असू शकतो, हे त्याला पूर्वी ठाऊक नव्हते.

अखेर आक्कांच्या आईची गादी भरण्याचा दिवस आला. आक्का खुर्ची टाकून देखरेख करीत होत्या. वकीलसाहेबांची चिठ्ठी आक्कांना देण्यासाठी तो खाली आला, व ती देऊन खोळीपासून हातभर अंतरावर उभा राहिला. गादी भरताना एक माणूस खोळीचे तोंड दोन्ही हातांनी ताणून धरतो, अंगठे आत घालतो व खालच्या कडेवर पाय रोवतो. दुसरा माणूस कापसाची वळकटी छातीशी धरून खांद्यापर्यंत आत शिरतो. घरी हे धरण्याचे काम तो हात पुरू लागल्यापासून करीत आला होता. बाबांनी वळकटी उचलली. शेजारी उभ्या असलेल्या पायांची त्यांना चाहूल लागली असावी, आणि ती चाहूल ओळखीची होती. मान वर न करता ते ओरडले,

“धर रे!”

त्याचे हात पुढे गेले होते. अंगठेसुद्धा वळले होते. इतक्यात आक्कांची नजर त्या हातांवर पडली, आणि त्याने ते हात कोटाच्या खिशांत घातले.

खोळीचे तोंड मिटले. वळकटी सुटली व सारा कापूस अंगणभर पसरला.

“हे काय!” आक्का उभ्या राहिल्या. “तुम्ही यांना अरे-तुरे करता?”

“चुकलो, बाई.” बाबा गुडघ्यांवर बसून कापूस गोळा करू लागले. “घरी मुलगा धरायचा. त्याची सवय. कोण आहे ते न बघताच बोललो. साहेब, माफ करा.”

“मग मुलाला का आणत नाही बरोबर?”

“तो लांब असतो.”

“कुठं?”

“लांब,” बाबा म्हणाले. “मोठ्या कामाला लागलाय. येणं होत नाही त्याचं.”

आक्कांनी माळ्याला हाक मारली. माळ्याने खोळ अशी धरली की जणू ती आता बोचकारणार आहे. “अहो मालक, हिच्या आत हात घालताय, पण परत काढता येईल ना?” असे तो विचारू लागला. आक्का हसल्या, बाबाही हसले. तरुण जिना चढून वर आला, त्याने खोलीचे दार लावले आणि खिशांतून हात काढले.

त्या संध्याकाळी त्याने मनाशी निश्चय केला. खोली गेली तरी जावो, वकिली बुडाली तरी बुडो, उद्या सकाळी सर्वांसमक्ष सांगून टाकावयाचे. हे वडिलांना आधी सांगावे म्हणून तो दुकानी गेला. दार उघडेच होते. बाबा एकटे गादी भरीत होते. भिंतीत त्याच्या छातीच्या उंचीवर दोन मोठे खिळे ठोकलेले होते, व खोळीच्या तोंडाची दोन टोके त्यांत अडकविली होती. तोंड चांगले ताणून उघडे राहिले होते.

“आलात का बॅरिस्टर,” पडद्यामागून ताई म्हणाली. “बघा, नवीन गडी ठेवलाय. जेवायला मागत नाही, उलट बोलत नाही.”

“गप गं,” बाबा म्हणाले. “बस. बस तिथं. थांब, ते स्टूल पुसू दे.”

“बाबा, स्टूल राहू द्या. मी उद्या सांगणार आहे. आक्कांना, वकीलसाहेबांना, सगळ्यांना.”

“काय?”

“की मी तुमचा मुलगा.”

बाबांचा हात खोळीतच राहिला.

“तसं काही करायचं नाही,” ते म्हणाले.

“मला ती खोली नको.”

“खोलीचं नाही रे. मी चार माणसांत बोललोय, मुलगा लांब असतो म्हणून. आता तू उठून सांगणार, हाच तो मुलगा. म्हणजे मी खोटारडा ठरलो. आजवर मी गिऱ्हाइकाला जुना कापूस नवा म्हणून दिला नाही. त्या बाईंनी आणखी दोन घरं सांगितलीत मला, माझ्या शब्दावर.”

“पण ते खोटं मीच तुम्हाला बोलायला लावलं!”

“ते तुला माहीत आणि मला माहीत.” त्यांनी हात बाहेर काढला व कोपरापर्यंत लागलेले तंतू ते एकेक करून वेचू लागले. “लोकांनी माझंच ऐकलंय.”

पुष्कळ वाचलेला तो तरुण पुढे झाला आणि एका खिळ्यावरचे टोक सोडवून त्याने हातात घेतले. बाबांनी ते हळूच त्याच्या हातून काढून परत खिळ्यात अडकविले.

“राहू दे. कोट खराब होईल. त्यांच्याकडं फाटक लवकर लावतात ना?”

“लावतात.”

“मग नीघ.”

ताई ब्रश घेऊन दारापर्यंत आली. एरवी ती त्याला दोन टोमणे मारल्यावाचून सोडीत नसे. आज तिने त्याचा खांदा धरून त्याला फिरविले.

“वळ. पाठीवर सगळा कापूस बसलाय तुझ्या.” ती ब्रश फिरवू लागली, खांद्यावरून, कोपरांवरून, मग कॉलर उचलून मानेवरून. “हं. झालं. आता कुणाला कळायचं नाही.”

ब्रश थांबला होता. तरीही तो रस्त्याकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ ठेवून तसाच उभा राहिला.