डाव्या बाजूची बटणं

टेपचं टोक गाडीच्या छतावर धरून आईनं काचेच्या कडेला निळ्या खडूनं रेघ मारली, टेप उचलली आणि त्या रेघेपासून पुढं बॉनेट मोजायला घेतलं. माणसांची टेप गाडीला पुरत नव्हती. माप तुकड्या-तुकड्यानं घ्यावं लागत होतं आणि दर तुकड्याला पांढऱ्या गाडीवर एक रेघ वाढत होती.

“आई, बाजारात तयार कव्हर मिळतं,” मुलगी म्हणाली. ती मागच्या चाकाशी उकिडवी बसून पंपानं हवा भरत होती.

“मिळतं ना. सगळ्यांना होतं आणि कुणालाच बसत नाही.”

‘तयार’ हा शब्द आईसमोर काढायची सोय नव्हती. उभा जन्म तिनं कपडे शिवण्यात काढला होता. मशीनवर बसली की घरात आग लागली तरी शिवण पूर्ण करून उठेल, अशी बाई. आताही गाडीच्या पोटाचं माप घेताना ती सवयीनं म्हणाली, “श्वास सोडा,” आणि मग स्वतःच हसली.

मुलगी नोकरीसाठी दोन वर्षं लांब चालली होती. गाडी तोवर घरामागच्या शेडमध्ये उभी राहणार होती. खरं तर गॅरेजवाल्या काकांनी चांगलं गिऱ्हाईक आणलं होतं, पण आईनं एका शब्दात विषय संपवला होता.

“राहू दे.”

का राहू दे, ते काही सांगेना. तिला गाडी चालवता येत नव्हती. सायकलवरसुद्धा ती कधी बसली नव्हती. दोन वर्षं नुसती धूळ खाणारी गाडी हवी कशाला, हे मुलीच्या गळी उतरत नव्हतं. आणि त्याहून एक गोष्ट तिला आतून खात होती. आई एकटी राहणार होती आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती. विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, “मला काय धाड भरलीये?”

घरात आईचं बोलणं म्हणजे गॅस, दूध आणि दार लावलंस का. ती मोकळी व्हायची ती गाडीत. संध्याकाळी शिवणाचं दुकान बंद करून ती मुलीशेजारी येऊन बसायची, पट्टा लावायची, समोरच्या रस्त्याकडे बघायची आणि बोलायला लागायची. गिऱ्हाइकांच्या गमती, स्वतःच्या आईचे किस्से, आणि मुलीचे वडील गेले त्या वर्षी तिला अंधाराची कशी भीती वाटायची तेही. एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही म्हणून असेल. दुकानापासून घर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मुलगी कित्येकदा घराचं वळण मुद्दाम सोडून पुढं जायची.

“आज परत चुकलीस?” आई विचारायची, आणि पुढचं बोलायला घ्यायची.

निघायच्या आदल्या दिवशी गॅरेजवाले काका आले. टाकी काठोकाठ भरलीय ना, हे त्यांनी दोनदा विचारलं. रिकामी टाकी आतून गंजते. हँडब्रेक सोडला, कारण लावून ठेवला की चिकटून बसतो, आणि चाकांना लाकडाचे ठोकळे लावले. उंदीर शिरू नयेत म्हणून धुराच्या नळीत कोंबायला आईनं चिंध्या आणून दिल्या. त्या चिंध्याही तिनं कडा दुमडून आणल्या होत्या.

“ताई, या चिंध्या नळीत चालल्यात, लग्नात नाही,” काका म्हणाले.

“आत काय अन् बाहेर काय, भाऊ, नीटच हवं.”

बॅटरी काढून, चार्ज करत ठेवतो म्हणून काका ती घेऊन गेले. जाताना सांगून गेले, “दारं लॉक कर गं पोरी. दोन वर्षं कुणी हात लावायचा नाही.”

मग आईनं कव्हर आणलं. जाड, राखाडी, दुहेरी शिवणीचं. दोघींनी मिळून ते छतावरून खाली सोडलं आणि ते आरशांवर, दिव्यांवर, बंपरवर कसं चापूनचोपून बसलं, एक सुरकुती नाही. आई दोन पावलं मागं सरकली. गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करून बघते तशी मान कलती करून ती बघत राहिली.

मुलगी कव्हरावरून हात फिरवत भोवती एक चक्कर मारायला निघाली आणि डाव्या बाजूला थांबली. पुढच्या दारावर उभी बटणपट्टी होती. वरपासून खालपर्यंत मोठी, काळी बटणं, कोटाला लावतात तसली. पट्टी उघडली असती तर दार अगदी बरोबर उघडलं असतं.

“आई, चुकलं गं तुझं. चालवणारा उजवीकडून बसतो.”

“माहितीये मला.”

“मग बटणं डावीकडे?”

आई खाली वाकून नसलेला दोरा शोधू लागली. “बायकांच्या शर्टाला बटणं डावीकडेच असतात. ही काय बाप्या माणूस आहे?”

मुलीला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच राहिलं. आईच्या हातून कधी काखेच्या मापात अर्धं बोट चुकलं नव्हतं. ती बाजू आईची होती. रोज संध्याकाळी त्याच दारानं ती आत येऊन बसायची.

मुलगी उजव्या बाजूला गेली. तिथं कापड सलग होतं, कुठं शिवणसुद्धा नव्हती.

“आणि इकडे का नाही ठेवलीस?” तिनं आवाज सांभाळत विचारलं.

“तिकडे कशाला? तू आलीस की अख्खं कव्हरच काढायचं आहे.”

मुलगी पुन्हा डावीकडे आली, पट्टी उघडली, दाराचं लॉक काढलं. आतली सीट आईच्या गुडघ्यांना हवी तेवढी मागं सरकवून बघितली. ती आधीच सरकवलेली होती. तिनं दार नुसतंच लोटलं. काकांकडे द्यायची म्हणून खिशात ठेवलेली किल्ली काढून आईच्या हातात ठेवली आणि आईनं ती, कशाला म्हणून न विचारता, कमरेला खोचली.

मग मुलगी एकेक बटण लावायला लागली. शेवटचं काही केल्या जाईना.

“काज फार घट्ट झालंय गं हे.”

“नवीन आहे,” आई म्हणाली. “वापरून वापरून होईल सैल.”