गवळ्याची घोडी आणि कर्नलची लाल पेन्सिल

कर्नल हार्टलींनी लाल पेन्सिलने अख्ख्या पानावर काट मारली आणि बर्नाडेटचं टाळकंच सरकलं. ऑस्ट्रेलियातल्या पॅरामॅटाजवळच्या एका जुन्या स्वयंसेवक घोडदळाला १९८६ साली शंभर वर्षं होत होती. त्याचा इतिहास हे रिटायर कर्नल लिहीत होते आणि वसईची बर्नाडेट टाइप करत होती.

पान होतं टॉम फिन्च गवळ्याचं. सुरुवातीच्या काळी या घोडदळात शिरायचं तर घोडा आपला आपण आणायचा. टॉमने आणली दुधाच्या गाडीची डॉली. झालं! गव्हर्नरसाहेबांपुढे संचलन, टॉमच्या टोपीवर तुरा, हातात भाला, आणि ही बया प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फाटकापाशी थांबतेय! मागची रांग खोळंबली. टॉम बिचारा दर फाटकाशी टोपी उचलून "गुड मॉर्निंग" म्हणत राहिला.

"पलटणीची अब्रू जाते," कर्नल म्हणाले.

"पण सर, त्याचं नाव दुसरीकडे कुठेच नाही!"

"लढाईला गेला होता का तो?"

नव्हता गेला. दूध घालत होता. बर्नाडेटचा बापही वसईत जन्मभर दूधच घालत आला, त्यामुळे तिला हे फार झोंबलं. शिवाय टॉमची मुलगी एल्सी, ब्याऐंशी वर्षांची, दर मंगळवारी ऑफिसात येऊन विचारायची, "डॅडचं नाव आलं का गं?" तिला काय सांगणार, कप्पाळ?

शंभरीच्या संचलनानंतर पुस्तक छापायला जाणार होतं. संचलनात कर्नल स्वतः घोड्यावर बसणार होते आणि घोडा ठरवायचं काम आलं बर्नाडेटकडे. तिने रायडिंग स्कूलमधला ड्यूक निवडला. देखणा, शांत. रोज फिरून येताना मेन रोडवरच्या बेकरीत त्याला गोड बन मिळायचा, हेही तिला ठाऊक होतं. पण कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

रविवारी बँड वाजत होता, कर्नल ताठ बसले होते, आणि बेकरीसमोर ड्यूक थांबला. टाच मारून झाली, लगाम ओढून झाला. छे! मागचे वीस घोडे खोळंबले. बेकरीवाली बन घेऊन आली, तशी गर्दीतून एल्सी ओरडली, "अगदी डॅडची डॉली!" आणि हसता हसता रडायलाच लागली.

कर्नल लालबुंद झाले. गेली नोकरी, असंच वाटलं बर्नाडेटला. कर्नलनी एल्सीकडे पाहिलं, टोपी उचलली आणि मोठ्याने म्हणाले, "गुड मॉर्निंग!"

सोमवारी ते पान परत तिच्या टेबलावर आलं. लाल रेघ रबराने पुसलेली. खाली कर्नलच्या अक्षरात नवी ओळ होती, 'शंभराव्या वर्षीच्या संचलनात कर्नल हार्टली यांचा घोडा बेकरीपाशी थांबला.' बर्नाडेट एकटीच खो खो हसली आणि टाइप करायला बसली.

मंगळवारी एल्सी आली. बर्नाडेटने पान तिच्या हातात दिलं. एल्सीने चष्मा लावला. कर्नलच्या ओळीपर्यंत ती पोचलीच नाही. 'टॉम फिन्च, गवळी' या शब्दांवर तिने बोट ठेवलं आणि ते बोट तिथून हलेचना.